मावशीवर गेलीस

गुरुवार होता, म्हणजे सकाळपासून लाईट नव्हती आणि लिफ्ट बंद. आई आणि मी मंडईतून आलो होतो. भाजीच्या पिशव्या माझ्या हातात होत्या आणि आईच्या हातात कोथिंबिरीची जुडी नि छत्री, एवढं माझ्या बाजूनं सांगून ठेवते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी पिशव्या खाली ठेवल्या आणि कठड्याला टेकले. छातीत धडधड, कानांत धडधड, मांड्यांत तर काही त्राणच नाही. माझी ७८ वर्षांची आई एव्हाना चौथ्या मजल्यावर पोचली होती. किल्ल्या वाजल्या, कुलूप निघालं, आणि मग कठड्यावरून वाकून ती म्हणाली, "अगदी मावशीवर गेलीस हं तू."

आमच्या घरात कुणी नाकावर जातं, कुणी रंगावर जातं. मावशीवर जाणं म्हणजे बसणं. मावशी बसायची. घरात ओटा आला तरी पोळ्या लाटायला खाली पाट घेऊन बसायची. देवळात प्रदक्षिणा अर्धवट टाकून खांबाला टेकून बसायची. दुपारी सगळं आवरलं की माजघरात, फरशीवरच, उशीसुद्धा न घेता पदर तोंडावर ओढून जी आडवी व्हायची ती चहाच्या वेळेला कुणीतरी हाक मारेपर्यंत. "तिच्या अंगात जोरच नाही," हे आजीचं मत. "आळस भरलाय नुसता," हे आजोबांचं. सासरचे काय म्हणायचे ते आमच्यापर्यंत गाळून यायचं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पुराची गोष्ट. पानशेत फुटलं त्या दिवशी नारायण पेठेतलं माझं आजोळ घरदार टाकून पर्वतीकडे धावलं, आणि पर्वतीच्या पायऱ्यांवर निम्म्यात मावशी चक्क बसली. "मागं पूर, आणि ही बसली!" लग्नात, बारशात, श्रावणातल्या सवाष्णीच्या जेवणात, चार नातेवाईक जमले की ही गोष्ट निघायची आणि मावशीसकट सगळे हसायचे.

एरवी मीही हसून सोडून दिलं असतं. पण त्या आठवड्यात माझ्या टेबलावर जीवशास्त्राच्या एका पुस्तकाची प्रुफं पडली होती. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांसाठी शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासायची हा माझा उद्योग. ऱ्हस्व-दीर्घ बघता बघता मजकूर आपोआप डोक्यात जातो आणि नको तेव्हा वर येतो. "मायटोकॉन्ड्रिया हे पेशीचं ऊर्जाकेंद्र आहे," हे एका गुणाचं वाक्य मी आजवर इतक्या पुस्तकांत दुरुस्त केलंय की ते मला मंगलाष्टकासारखं पाठ आहे. त्याच पानावर खाली बारीक टाइपात होतं: मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. शुक्रपेशीतली जी काही थोडी बीजांडात शिरतात, ती तिथंच नष्ट केली जातात. म्हणजे आजीची मायटोकॉन्ड्रिया तिच्या दोन्ही मुलींत उतरली, मावशीत आणि आईत. आईची माझ्यात. ताकद पेशींतल्या या कणांतून येते आणि हे कण आम्हा सगळ्यांचे एकाच वंशाचे, तर मग एक बाई ७८व्या वर्षी चार मजले चढून वर टोमणा मारायला मोकळी आणि दुसरी पर्वतीच्या पायरीवर बसलेली, हे कसं?

त्या पेशीतल्या कणाजवळ स्वतःचा डीएनए असतो, केंद्रकातल्यापेक्षा वेगळा. अगदी छोटा: १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा. तो कुठून आला याचं उत्तर एका काळी हास्यास्पद वाटत होतं. दीडेक अब्ज वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी एका पेशीनं एक जिवाणू गिळला, पण पचवला नाही. तो आत राहिला, वाढला आणि भाडं म्हणून ऊर्जा देऊ लागला. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली हे सविस्तर मांडलं, त्याआधी त्यांचा लेख अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता. आता ते शाळेच्या पुस्तकात आहे. त्या आगंतुकानं आपली बहुतेक जनुकं यजमानाच्या केंद्रकाकडे सोपवली, थोडी स्वतःजवळ ठेवली, आणि ती थोडी आजही आईकडून लेकीकडे जातात. माझ्या नावात वडील आहेत, आडनावात नवरा आहे. आईचं माहेरचं नाव तर लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहून पुसलं गेलं. आजीच्या आईचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. पण तिचा हा डीएनए जवळजवळ जसाच्या तसा माझ्यात आहे. हरियाणातल्या राखीगढीला, हडप्पा संस्कृतीच्या जुन्या शहरात, सापडलेल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाईबद्दल २०१९ साली शोधनिबंध आला, तेव्हा आपल्या डेक्कन कॉलेजमुळे पुण्यातल्या वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक बरंच झालं. साठाहून अधिक नमुन्यांतून एकाच सांगाड्यानं कामापुरता डीएनए दिला. तिचं नाव, तिचा नवरा, तिचं काम, काहीच कळलं नाही. मात्र तिचा मातृवंश कळला: यू२बी२.

वंश कळला, पण ताकदीचं काय?

ऊर्जाकेंद्र म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कोळशाची धगधगती भट्टी यायची. तसं तिथं काही नसतं. आपण खातो त्या अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात आणि शेवटी ऑक्सिजनच्या हाती पडतात. त्याचं पाणी होतं. श्वास घ्यायचा तो याच्यासाठी. या देवाणघेवाणीत जी शक्ती सुटते ती वापरून प्रथिनं पडद्याच्या एका बाजूचे प्रोटॉन दुसऱ्या बाजूला ढकलतात. तिकडे गर्दी होते, इकडे टंचाई. म्हणजे धरणच. भिंतीमागे पाणी चढतं, आणि खाली यायला वाट एकच, टर्बाइनमधून. हे टर्बाइन खरोखर फिरतं: एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन, सेकंदाला शंभरावर फेरे, दर फेऱ्याला एटीपीचे तीन रेणू. एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, कुठलंही काम करायला ती तेच खर्च करते. १९९७ साली जपानी संशोधकांनी त्याच्या दांड्याला चमकणारा एक धागा चिकटवला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. भिंत म्हणाल तर जेमतेम पाच-सहा नॅनोमीटर जाड, पण तिच्या दोन बाजूंतला विद्युतदाब मीटरच्या हिशेबात मांडला तर तीन कोटी व्होल्ट भरतो.

हे धरण पहिल्यांदा ज्याला दिसलं तो पीटर मिचेल नावाचा इंग्रज. बाकी सगळे तज्ज्ञ कुठलं तरी मधलं रसायन शोधत होते, आणि हा म्हणाला, रसायन नाहीच, फक्त दोन बाजूंतला फरक आहे. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढं तब्येतीमुळे त्यानं एडिंबराची नोकरी सोडली, कॉर्नवॉलमधली एक पडकी हवेली दुरुस्त केली आणि तिथंच जेनिफर मॉयल या सहकारी बाईंबरोबर प्रयोगशाळा थाटली. १९७८ साली त्याला एकट्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तर या मिचेलचा पहिला निबंध छापून आला ती तारीख वाचून मी हातातलं पेन खाली ठेवलं. ८ जुलै १९६१. पानशेत फुटलं १२ जुलैला. या दोहोंचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही हे मला कळतं. पण माझ्या आजोळच्या माणसांच्या मागे मुठेचं पाणी लागलं होतं आणि मावशी पायरीवर बसली होती, त्याच आठवड्यात ती का बसली असेल हे सांगू शकणारा कागद लंडनमध्ये छापून पडला होता, हे काही केल्या मनातून जाईना.

भिंत फुटली तर काय होतं तेही या शास्त्रात आहे. १९५९ साली स्वीडनमध्ये रोल्फ लुफ्त या डॉक्टरांकडे एक बाई आली. ती भरपूर खायची, तरी अंगी लागत नसे. थंडीच्या देशात घामानं निथळायची. आणि सदा अशक्त. थायरॉइड ठीक होता. तिच्या स्नायूंतली मायटोकॉन्ड्रिया तपासली तेव्हा कळलं की अन्न जळतंय, ऑक्सिजन खर्च होतोय, पण दाब टर्बाइनपर्यंत पोचत नाही. सगळं उष्णता होऊन वाया जातंय. मायटोकॉन्ड्रियाचा आजार असा ओळखला गेलेला हा पहिला माणूस. तिच्या घरचे तिला काय म्हणत असतील? एवढं खाते आणि काम म्हणून नको, असंच काहीतरी. त्याच्या बऱ्याच आधी, १९३०च्या दशकात, अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी डायनायट्रोफेनॉल नावाचं औषध राजरोस विकलं जात होतं. तेही धरणाला असंच भोक पाडतं. माणसं बारीक झाली, काहींचे डोळे मोतीबिंदूनं गेले, काही तापानं आतल्या आत भाजून मेली. १९३८ साली ते बंद झालं. बारीक होण्याचा सोस मात्र आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी नव्यानं उगवतो.

मावशीला असलं काही दुर्मीळ झालं होतं असा शोध लावायचा मोह मलाही झाला. गोष्ट छान जमली असती. शास्त्रही थोडी वाट करून देतं: बीजांडात एक लाखाहून अधिक मायटोकॉन्ड्रिया असतात आणि त्यांचा डीएनए सगळ्यांचा सारखाच असेल असं नाही. थोडा बिघडलेला, बराचसा धड, असं मिश्रण असू शकतं, आणि आईच्या कुठल्या बीजांडात कसली वाटणी जाईल ते नशिबावर. म्हणून एका आईच्या दोन मुलींत फरक पडू शकतो. शिवाय मायटोकॉन्ड्रियाला लागणाऱ्या हजाराहून जास्त प्रथिनांपैकी फक्त १३ त्याच्या स्वतःच्या जनुकांतून बनतात, बाकीची केंद्रकातून, म्हणजे आजोबांचाही वाटा त्यात आलाच. पण मावशी ऐंशीच्या घरात जाऊन गेली, तिला चार मुलं झाली, आणि म्हातारपणी तर ती बरी दिसायची. तिच्या गालांवर रंग आलेला मी पाहिलाय. जन्मजात बिघाड असा साठीत बरा होत नाही.

मग मी आईलाच गाठलं. ती शेंगा निवडत बसली होती. म्हटलं, "आई, तुझी आणि मावशीची मायटोकॉन्ड्रिया एकच आहेत, माहितीये?" मी सगळं समजावून सांगितलं, धरणासकट. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तिनं वापरली नसतील."

बाई पुण्याची असली की तिला शास्त्रही घाबरवू शकत नाही. आणि गंमत म्हणजे ती अर्धी बरोबर होती. १९६७ साली जॉन होलोझी यांनी उंदरांना पट्ट्यावर बारा आठवडे पळवलं आणि त्यांच्या पायांचे स्नायू तपासले. त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाची ऑक्सिजन वापरायची क्षमता जवळजवळ दुप्पट झालेली होती. वापरलं की वाढतं. आणि आईनं वापरलं होतं. लग्नाआधी दोन-तीन वर्षं आणि लग्नानंतर निवृत्तीपर्यंत ती कॅम्पातल्या एका सरकारी कचेरीत होती, आणि त्यातली बहुतेक वर्षं सायकलनं गेली. तेव्हाच्या पुण्यात सायकलवरून नोकरीला जाणाऱ्या बायका म्हणजे काही अप्रूप नव्हतं. लक्ष्मी रोडनं जाताना पदर खोचून, कॅरियरला डबा लावून. अजून तिच्या पोटऱ्या हाताला दगडासारख्या लागतात.

पण मावशी बसून होती का? ती शनिवार पेठेतल्या वाड्यात पहिल्या मजल्यावर राहायची. नळ खाली, अंगणात. पहाटे पाणी यायचं तेव्हा ते कळशी कळशीनं वर चढवायचं. अंधारा लाकडी जिना, मध्ये दोर धरायला. जिन्याच्या वळणावर भिंतीत एक कोनाडा होता, तिथं ती कळशी टेकवून उभी राहायची. त्या कोनाड्याच्या कडेचा चुना कळशीच्या बुडानं झिजून गेला होता आणि खालची वीट दिसायची. सासू-सासरे, दीर-नणंदा, येणारे-जाणारे. वापराचाच प्रश्न असता तर पुण्यातली सगळ्यात दणकट मायटोकॉन्ड्रिया मावशीची असायला हवी होती.

सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायची. मला तिची माया आठवते आणि तिच्या अंगठ्याचं नख आठवतं. ते मध्ये खोलगट होतं, कडा वर उचललेल्या. मोरीत हात धुताना ती अंगठा आडवा धरायची आणि आम्ही तांब्यातून थेंब सोडायचो. थेंब नखात राहायचा, ओघळायचा नाही. आमच्या नखांवर राहायचा नाही, तिच्याच राहायचा. ही आम्हा भाच्यांना जादू वाटायची. तिच्या फडताळात, पोह्यांच्या डब्यामागे, पाटीवरच्या पेन्सिली असायच्या. ती त्या खायची. एकदा मी पाहिलं तर एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला नि म्हणाली, "सांगू नकोस हं कुणाला." दातांखाली करकर वाजली आणि मग तोंडभर वळवाच्या पहिल्या पावसाची चव. मी थुंकून टाकलं, ती शांतपणे चघळत राहिली. आणि रात्री झोपताना, "जरा पाय तुडव गं." भिंतीचा आधार घेऊन आम्ही तिच्या पोटऱ्यांवरून चालायचो. "आत काहीतरी वळवळतं," ती म्हणायची. "चैन पडू देत नाही मेलं."

खोलगट नख, पेन्सिल खाणं, रात्री पायांत वळवळ. आज कुठल्याही डॉक्टरला या तीन गोष्टी सांगा, मावशीला न बघता तो म्हणेल, लोह तपासा.

लोह म्हटलं की आपण रक्ताशी थांबतो. त्या इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीकडे पुन्हा बघताना मला कळलं की तिथं पावलोपावली लोखंड आहे. इलेक्ट्रॉन ज्या हातांतून पुढे सरकतात त्यांतले बहुतेक हात लोहाचे: कुठं लोह आणि गंधकाचे पुंजके, कुठं हीम, म्हणजे मधोमध लोहाचा अणू बसवलेला रेणू. लोह नसेल तर साखळीच तुटते. मग छातीभर श्वास घेतला तरी तो घ्यायला पलीकडे कुणी नसतं. १९७६ साली क्लेमेंट फिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोह कमी असलेल्या उंदरांना बाहेरून रक्त देऊन त्यांचं हिमोग्लोबिन इतरांच्या बरोबरीला आणलं आणि मग पळवलं. तरी ते दमत होते. रक्त भरून निघालं होतं, स्नायूंतली मायटोकॉन्ड्रिया भुकेलीच होती. लोह दिल्यावर काही दिवसांत ते पळू लागले. आणखी एक: हिमोग्लोबिनमधल्या हीममध्ये लोहाचा अणू बसवायचं शेवटचं काम मायटोकॉन्ड्रियाच करतात. ते झालं की तांबडी पेशी आपली मायटोकॉन्ड्रिया बाहेर टाकून देते. जन्मभर सगळ्या शरीराला ऑक्सिजन पोचवते, स्वतः त्यातला काही वापरत नाही.

मावशीकडे जेवणाच्या दोन पंगती व्हायच्या. आधी पुरुष आणि मुलं, मग सासू आणि नणंदा. मावशी वाढायला. तिचं ताट शेवटी, कधी दोन वाजता, कधी अडीच. पातेल्याच्या तळाची आमटी पाणी घालून वाढवलेली, खरवडलेला भात, भाजी असली तर असली. वर कपभर चहा, कारण तेवढ्यात चहाची वेळच व्हायची, आणि चहा असलेलं लोहही अंगी लागू देत नाही. चार बाळंतपणं आणि एक पडलेलं. त्या प्रत्येक वेळी बाळ आईच्या अंगातलं लोह घेऊन जातं. हे फक्त तिचंच नव्हतं. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्तक्षय निघाला. पण आकड्याला कुणी आळशी म्हणत नाही, म्हणून तो वाचताना काही होत नाही.

इथं मला यल्लाप्रगडा सुब्बाराव आठवतात. आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांचे भाऊ स्प्रू नावाच्या रोगानं गेले. त्या रोगात खाल्लेलं अंगी लागत नाही आणि रक्त उतरतं. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर स्नायूंवर काम करताना त्यांना १९२९ साली एटीपी सापडलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही. आपलं शरीर दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतकं एटीपी बनवतं आणि वापरून टाकतं, साठवून ठेवत नाही. हार्वर्डनं सुब्बारावांना कायम केलं नाही. पुढं एका औषध कंपनीत त्यांच्या हाताखालच्या लोकांनी रक्त बनायला लागणारं फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं, आणि भारत सरकारनं १९७०पासून गरोदर बायकांना लोहाबरोबर जी गोळी द्यायला घेतली तिच्यात ते आहे. ताकद कशात असते हे शोधणारा माणूस आणि ती नसलेल्या बायकांच्या गोळीत ज्याचा हात आहे तो माणूस एकच. मावशीला या गोळ्या मिळाल्या होत्या म्हणे, शेवटच्या बाळंतपणात. शौचाला काळी होते म्हणून सासूनं बंद केल्या.

मी आईला विचारलं, "मावशी काय जेवायची गं सासरी?" ती जरा चिडलीच. "काय म्हणजे? सगळे जेवायचे तेच." शेंगांचा ढीग निम्मा झाल्यावर स्वतःहून म्हणाली, "माझं बरं होतं. एक वाजला की कचेरीत घंटा. डबा उघडायचा." डब्यात काय असायचं? पोळी, मटकीची नाहीतर मुगाची उसळ, लिंबाची फोड. कचेरीतल्या बायका एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या. रोज, एक वाजता, बसून, गरम नसेल पण पोटभर. मी काहीच बोलले नाही. आईला गणित येतं, आयुष्यभर तिनं हिशेबच तपासलेत. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आणि पुराच्या वेळी तिच्या कडेवर बाळू होता. देवांची पेटी पण होती तिच्याकडे. मी मोकळी होते." बाळू म्हणजे माझा धाकटा मामा, तेव्हा दीडेक वर्षांचा, आणि देव पितळेचे. इतकी वर्षं ती गोष्ट सांगताना हे दोघं कुणालाच आठवले नव्हते.

माझ्या थकव्याचं म्हणाल तर त्यात आजीचा, मावशीचा कुणाचाच हात निघाला नाही. गेली दोनेक वर्षं माझ्या पाळीनं जो उच्छाद मांडलाय त्याचा तो हिशेब होता. हिमोग्लोबिन काठावर का होईना, बरं होतं; फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, मात्र तळाला गेलेलं. नुसतं हिमोग्लोबिन बघून घरी आले असते तर मावशीवर गेले म्हणून मोकळी झाले असते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या: सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, पुढं तासभर चहा नाही. गोळीनं पोट बिघडतं, तोंडाला गंजाची चव येते, पण पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुपारची झापड गेली हे खरं. अडचण गोळीची नाही, चहाची आहे. आमच्याकडे सकाळी साडेसहाला चहा होतो आणि तो दोघींनी एकत्रच घ्यायचा असतो. आई तासभर थांबते, पण त्या तासात घरातलं प्रत्येक भांडं जरा जोरात ठेवलं जातं.

तिचा गोळ्यांवर फारसा विश्वासही नाही. तिनं हळीव आणले, नारळाच्या पाण्यात भिजवले, गूळ-खोबरं घालून लाडू वळले आणि जाहीर केलं की पुढच्या तपासणीत जो काही आकडा वर जाईल तो हळिवाचा. मी म्हटलं, बरं. पहिला लाडू माझ्या हातावर ठेवताना म्हणाली, "ताईच्या पहिल्या बाळंतपणानंतर ती सासरी गेली तेव्हा नेऊन दिले होते मी. सायकलवरून. मोठा डबा भरून, महिनाभर पुरतील असे."

"मग?"

"मग काय. मी बसले होते तेवढ्यात सासूबाईंनी डबा फिरवला. दीर, नणंदा, वाड्यातली दोन बिऱ्हाडं. मलासुद्धा दिला एक."

"आणि मावशीनं?"

"वाटत होती तीच," आई म्हणाली. मग डबा माझ्याकडे सरकवला. "हे कुणाला देत बसू नकोस. घरातल्या बाकीच्यांना वेगळे करीन."